देवमाशाचा दात

‘‘हा दात कुणाचा?’’ डॉक्टर फाँगनी विचारलं आणि फोटो टेबलावरून माझ्याकडे सरकवला, तेव्हा पहिल्यांदा मला हसूच आलं. दात म्हटल्यावर माझी जीभ आपोआप तोंडातल्या खिंडीकडे गेली. वरचे दोन गेलेत माझे. मग फोटो दिसला. आमच्या नसीनूच्या घराची पुढची पडवी, त्यात अंथरलेली चटई, चटईवर मी, आणि माझ्या दोन्ही हातांत तो तांबूस, तेल पिऊन गुळगुळीत झालेला, मोठ्या केळ्यासारखा वाकडा दात. त्याला काथ्याची जाड दोरी. शेजारी उनाइसी, पलीकडे तिचा भाऊ तोमासी, चर्चला घालतो तो कोट घालून. हा फोटो मीच दिला होता. तुमची ओळख जुनी आहे याचं काहीतरी दाखवा म्हणाले, म्हणून घरात सापडले ते सगळे फोटो पाकिटात घालून आणले. बाजारातला एक, माझ्या मुलाच्या, शाल्विनच्या लग्नातला एक, आणि हा. हा सगळ्यात छान आला होता, म्हणून सगळ्यात वर ठेवला. आता डॉक्टरांचं बोट बरोबर त्या दातावर होतं, आणि आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय हे मला कळायला लागलं होतं.

‘‘देवमाशाचा,’’ मी म्हटलं.

‘‘ते कळतंय हो मला. पण तुमच्या हातात कसा?’’

‘‘उनाइसीच्या भावानं आणून दिला.’’

‘‘किडनीबद्दल?’’

काय उत्तर द्यायचं याला? समोर दोघं होते. समितीतल्या तिसऱ्या बाई डेंग्यूनं अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टर फाँग दर शनिवारी माझ्याकडून भेंडी घेतात, एकेक भेंडी टोक मोडून बघतात आणि मोडलेली परत ढिगात टाकतात; आज मात्र मला जन्मात कधी न बघितल्यासारखे बसले होते. आणि टेबलाच्या टोकाशी अपोरोसा वकील, समितीचे अध्यक्ष. कमरेला लुंगीसारखा काळा सुलू, पायात सँडल, मनगटावर सोन्याचं घड्याळ. उनाइसीचं ऑपरेशन इंडियात व्हायचं होतं, पण रक्ताचं नातं नसलेल्या माणसानं किडनी द्यायची तर आधी सुवातल्या या दोन-तीन माणसांनी हो म्हणायला हवं. त्यांचा कागद नसला तर तिकडचं हॉस्पिटल दारातूनच परत पाठवतं. आणि यांनी बघायचं काय, तर दोनच गोष्टी. देणाऱ्याला काही मिळालंय का, आणि देणाऱ्यावर कुणाचा दाब आहे का.

‘‘आता कुठंय तो?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘हा काय,’’ मी म्हटलं आणि पिशवीत हात घातला. नसीनूत घराला कुलूप लावून निघणं म्हणजे चोराला या म्हणणं, म्हणून तबुआ, म्हणजे हा दात, मी बरोबरच घेऊन हिंडत होते, चवळीच्या शेंगांच्या जुडीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून. कागद सोडवून तो टेबलावर ठेवला तेव्हा ठप्प असा आवाज झाला. डॉक्टरांनी दोरीला धरून तो उचलला आणि बाजारातल्या माशासारखा हवेत तोलून बघितला. ‘‘ठेवा खाली,’’ अपोरोसा वकील म्हणाले. आवाज चढवला नाही, पण डॉक्टरांनी लगेच ठेवला. मी वकिलांकडे बघत होते. दात पिशवीतून बाहेर आला तसे ते खुर्चीत सावरून बसले होते, पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. मोठी माणसं घरात आली की आपण बसतो तसे. म्हणजे याला सगळं माहीत आहे, माझ्या मनात आलं. आणि मला धीर यायच्या ऐवजी भीतीच वाटली.

‘‘राजमतीबाई,’’ ते म्हणाले, ‘‘देणाऱ्यानं बदल्यात काहीही घेतलेलं चालत नाही. पैसा नाही, वस्तू नाही. आणि याला बाजारात किंमत आहे. गहाणाच्या दुकानांत खिडकीत टांगलेले असतात, तुम्हीही पाहिले असतील.’’

‘‘पाहिलेत ना. खिडकीत माणसांची लग्नाची अंगठीही टांगलेली असते. म्हणून काय लग्न म्हणजे विक्री झाली?’’

डॉक्टरांनी ओठ दाबले. वकील हसले नाहीत. ‘‘तुमचं नातं काय त्यांच्याशी?’’

‘‘शेजारीण आहे मी तिची. बाजारात शेजारी बसतो आम्ही.’’

‘‘शेजारीण हे नातं होत नाही.’’

मला राग आला. डोक्यात तिडीकच गेली. शेजारीण हे नातं होत नाही हे सांगणारा माणूस कुठल्या बंगल्यात राहतो कोण जाणे, जिथं कुंपणापलीकडे फक्त कुत्रा असतो. सुवाच्या बाजारात बाकड्यावर जागा मिळते ती हातभर. त्या हातभर जागेत माझी भेंडी, वांगी, मिरच्या, आणि माझ्या डाव्या कुशीला लागून उनाइसीच्या शिंपल्यांचे ढीग. तिच्या शिंपल्यांचं पाणी माझ्या मिरच्यांत येतं म्हणून आमचं पहिलं भांडण झालं. ती म्हणाली, तुझ्या मिरच्यांचं तिखट माझ्या डोळ्यांत जातं त्याचं काय? तेव्हा आम्ही दोघी तरण्याताठ्या होतो, तोंडाला तोंड देत होतो, आणि आसपासच्या बायका गिऱ्हाईक सोडून ऐकत होत्या. शेवटी तिनं विचारलं, तुझं गाव कुठलं? मी म्हटलं, रा, उत्तरेकडचं. ती टाळी देऊन हसली. माझी आई त्याच बाजूची, म्हणाली, मग तू माझी दाउवे. दाउवे म्हणजे त्यांच्यात मामे-आते बहीण आणि भावजय दोन्ही एकदम, जिची कितीही थट्टा केली तरी तिनं रागवायचं नसतं. मी इंडियातून या बेटांवर ऊस तोडायला आणलेल्या माणसांची नात, माझं कसलं आलंय तिच्या आईशी नातं? पण तिनं ठरवलं आणि झालं. त्या दिवसापासून ती मला काहीही बोलते. माझ्या साडीला पडदा म्हणते, माझ्या नवऱ्याला, तो होता तोवर, उसाचं चिपाड म्हणायची. मी तिच्या चर्चच्या टोपीला कोंबडीचं खुराडं म्हणते. यातलं समितीला काय सांगणार? यांना हवी होती एखादी गोड गोष्ट. तिनं तुम्हाला कधी वाचवलं का, असं डॉक्टरांनी मागच्या वेळी विचारलंच होतं. नाही वाचवलं. ज्या दिवशी संसदेत बंदुका शिरल्या आणि आपल्या लोकांची दुकानं फुटली, त्या दिवशी उनाइसी माझ्या घरी धावत आली ती झग्याखालून बुटांचा जोड घेऊन. रस्त्यात सापडला म्हणाली, तुझ्यासाठी आणला. मी बघते तर दोन्ही बूट डाव्या पायाचे, आणि आत माझ्या दिराच्याच दुकानाचं नाव. त्यातलाच एक बूट घेऊन मी तिला बडवली. ती मार खात होती आणि हसत होती, हसता हसता रडायला लागली, आणि मग तेच बूट घेऊन परत गेली, फुटलेल्या खिडकीतून आत ठेवून आली. दुसऱ्या दिवशी बाजारात आमच्यातली मी एकटीच गेले. शाल्विन तेव्हा लहान होता, त्याला मांडीत घेऊन बसले, कुणाच्या बापाला भीत नाही असं तोंड करून. उनाइसी येऊन तिच्या जागेवर बसली. उकडलेला कसावा आणि डब्यातला मासा तिनं मधे ठेवला. दोघींनी खाल्लं. एवढंच. याला वाचवणं म्हणत असतील तर म्हणोत, पण मी नाही म्हणणार, आणि या टेबलावर तर मुळीच नाही.

‘‘तुमच्या मुलाला माहीत आहे?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘सांगितलंय. रागावलाय.’’

‘‘काय म्हणतो?’’

काय म्हणतो ते त्यानं ब्रिस्बेनहून फोनवर ओरडून सांगितलं होतं. आई, ती आपल्यातली नाही. उद्या मला लागली तर? मी म्हटलं, तुला देवानं दोन दिल्यात, त्या नीट वापर, रात्रंदिवस ते गोड पाणी पिऊ नकोस. फोन त्यानं आपटला. त्यानंतर सूनबाईच बोलते, तेही पावसापाण्याचं. माझं रक्त उनाइसीच्या रक्ताशी जुळलं हे ऐकून आमच्या गल्लीत पुष्कळांच्या पोटात दुखलं. तिच्या सख्ख्या भावाचं चाललं असतं, पण त्याला साखर. तिच्या घरात सगळ्यांनाच साखर. माझी साखर बरोबर, दाब बरोबर, आणि रक्त असं जुळलं की तपासणाऱ्या पोरीनं दोनदा विचारलं, तुम्ही दोघी नक्की कुणी नाही एकमेकींच्या? मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपल्या अंगात इतकी वर्षं गुपचूप बसलेली ही गोष्ट, आणि तिचं कुणाला काही नाव माहीत नाही.

‘‘तो म्हणतो, विचार कर,’’ मी डॉक्टरांना सांगितलं.

‘‘मग केलात?’’

‘‘हा प्रश्न मी विचारणार होतो,’’ अपोरोसा वकील म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तबुआपासून जरा लांब. ‘‘राजमतीबाई, तुम्हाला माझ्याशी लपवाछपवी करायची गरज नाही. मी गावातच वाढलोय. पंचक्रोशीतली माणसं तबुआ घेऊन दारात येतात, खाली बसतात, मागतात. ज्यानं तो हातात घेतला त्याला नाही म्हणता येत नाही. जमीन मागितली तर जमीन, मुलगी मागितली तर मुलगी. डॉक्टरांना ही भेटवस्तू वाटते. मला भेटवस्तूची काळजी नाही. मला काळजी आहे ती याची, की त्या दिवशी तुमच्या पडवीत तुम्हाला नाही म्हणायची सोय होती का?’’

 बाहेर पाऊस कौलांवर, पत्र्यांवर, बसस्टँडच्या छपरावर एका लयीत पडत होता, सुवात पडतो तसा, कुणाची पर्वा न करता. या माणसानं मला नेमकं जिथं लागतं तिथं बोट ठेवलं होतं. कधी ठरवलं मी? तोमासी आला तो रविवार मला लख्ख आठवतो. त्याच्याबरोबर गावचे दोन म्हातारे, बायकांच्या डोक्यावर चटया, आणि मी पडवीत तांदूळ निवडत बसलेली. ते सरळ खालीच बसले. म्हातारा बोलायला लागला ते थांबेचना. मला त्यांची रोजची बोली येते, भाव करण्यापुरती, भांडण्यापुरती, पण हे वेगळंच होतं, जुनं आणि जड. त्यात माझं नाव मधून मधून येत होतं आणि माझ्या बापाचं नाव आलं तेव्हा मी दचकले. याला कुणी सांगितलं? मग तोमासीनं दात पुढे धरला. दोन्ही हातांत, मान खाली. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी हात पुढे केले. दात माझ्या हातात आला तेव्हा गरम होता, त्याच्या हातांनी गरम झालेला, आणि खोबरेल तेलाचा वास. पण तेव्हा ठरवलं का मी? छे. तेव्हा तर माझ्या तपासण्या सुरूही झाल्या होत्या. मग त्याआधी कधी? मी मागे मागे जात राहिले. उनाइसीच्या पायांना सूज आली आणि ती चपला घालीनाशी झाली तेव्हा? रक्त धुवायच्या मशीनवर जायला लागली आणि तिच्या दंडात सुईसाठी शीर जोडली तेव्हा? त्या शिरेत रक्त असं धावतं की हात लावला तर थरथर लागते. ऐक, म्हणाली एकदा, आणि दंड माझ्या कानाला लावला. भर बाजारात, गिऱ्हाईक समोर उभं. आत गुणगुण चालली होती, मधमाश्यांची असते तशी, न थांबणारी. गिऱ्हाईक म्हणालं, मिरच्या देता का? मी म्हटलं, थांब जरा, ऐकतेय. ती गुणगुण मग घरी येऊन स्वयंपाक करतानाही कानात राहिली. मध्यंतरी ती शीर बंद पडली, दुसरी जोडली, आता तिसरी, आणि क्लिनिकमधली नर्स म्हणाली, यापुढे हातात जागा नाही. म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण आपण किडनी द्यायची असा निर्णय, हा असा, लग्नाची तारीख काढतात तसा, मला कुठंच सापडेना. मी कुठल्याच दिवशी ठरवलं नव्हतं. बाकड्यावर ती आली की मी सरकते. आजवर कधी ठरवून सरकले आहे का?

‘‘नव्हती,’’ मी म्हटलं.

‘‘काय नव्हती?’’

‘‘नाही म्हणायची सोय. त्या दिवशी नव्हती, त्याच्या आधीही नव्हती. दात आला नसता तरी नव्हती. तुम्ही उगाच त्या बिचाऱ्या माशाला मधे आणता.’’

डॉक्टर लिहायला लागले. वकिलांनी त्यांचा हात धरून थांबवला. ‘‘बाई, हे असं लिहिलं तर अर्ज इथंच संपला, कळतंय ना? दाबाखाली आहे असं तुम्हीच म्हणताय.’’

‘‘मी दाबाखाली नाही. मी माझ्या जागेवर बसलेय.’’

‘‘मग एक करा.’’ वकील म्हणाले. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं हे मला दिसलं, आणि तेवढ्यापुरता मला माणूस आवडला. ‘‘हा परत करा. त्या बाहेरच बसल्यात ना, भाऊ पण आहे. आमच्यासमोर परत द्या. तुमच्याकडे काही उरलं नाही, तुमच्यावर मागणं उरलं नाही. मग तुम्ही मोकळ्या मनानं द्यायचं म्हणता असं आम्हाला लिहिता येईल.’’

‘‘छान,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘पाच मिनिटांचं काम.’’

मी वकिलांकडे बघत राहिले. ‘‘तुम्ही गावात वाढलात ना? मग परत केला म्हणजे काय होतं ते यांना सांगा.’’

 वकील चष्मा उचलून पुसायला लागले.

‘‘परत केला म्हणजे मी नाही म्हटलं,’’ मी डॉक्टरांना सांगितलं. ‘‘तोंडावर फेकला. तिच्या भावाच्या, त्या म्हाताऱ्यांच्या, सगळ्या गावाच्या. तुम्ही मग कागदावर हो लिहाल आणि ती म्हणेल, नको. ती नकोच म्हणेल, मी ओळखते तिला. तुमचा कागद काय लोणच्यात घालू मी?’’

‘‘बाहेर जाऊन पाच मिनिटं बोला त्यांच्याशी,’’ वकील म्हणाले. ‘‘मग या. सगळेच या.’’

तबुआ परत शेंगांखाली घालून मी बाहेर आले. उनाइसी बाकावर बसली होती, फुलाफुलांचा लांब झगा, डोक्यावर ते कोंबडीचं खुराडं, सुजलेले पाय सँडलवर नुसते ठेवलेले. ती केवढी मोठी बाई होती, टॅरोच्या कंदांची पोती दोन्ही काखांत मारून बसमधून उतरायची. आता झग्यात हवा जास्त. तोमासी भिंतीला टेकून उभा होता. मी घडलेलं सांगितलं. सांगताना माझा आवाज फाटत होता आणि त्याचाच मला राग येत होता.

उनाइसीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘दे परत.’’

‘‘काय?’’

‘‘दात दे तोमासीला. आणि घरी चल. माझे शिंपले उन्हात सडतायत.’’

‘‘ऊन कुठंय, बये? बाहेर बघ. आणि ऑपरेशन?’’

‘‘नको मला. ते आत बसलेले म्हणणार, हिनं एका दातावर इंडियन बाईची किडनी घेतली. उद्या सगळा बाजार म्हणेल. तुझा शाल्विन तर म्हणतोच आहे.’’

‘‘शाल्विनचं नाव घेऊ नकोस.’’

‘‘मला तुझ्या अंगातलं काही नको, दाउवे. तुझं नाक घेतलं असतं एकवेळ, चार माणसांत वास तरी आला असता.’’ ती हसली, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. ‘‘मी मागितलंच नव्हतं तुला कधी. हा तोमासीचा शहाणपणा.’’

‘‘न मागता कसं न्यायचं?’’ तोमासी पहिल्यांदाच बोलला. त्याचा आवाज जमिनीतून यावा तसा होता. ‘‘चोर आहोत का आपण? कुणाच्या अंगातून एवढं न्यायचं आणि मोकळ्या हातानं जायचं?’’

दोघंही खरं बोलत होते, आणि आत बसलेला तो काळा सुलू तोही खरंच बोलत होता. सगळ्यांच्या खऱ्याचं ओझं माझ्या एकटीच्या पिशवीत. मी उनाइसीकडे बघितलं. ती दंड चोळत होती, तिसऱ्या शिरेवरून अंगठा फिरवत होती, तिला कळतही नव्हतं ते. म्हणजे ही बया मरायला तयार आहे. लोक काय म्हणतील म्हणून मरायला तयार आहे, आणि ते सांगतेय असं की जणू बस चुकली. माझ्या अंगात कसली तरी आग उठली. डाव्या पायाचा बूट हातात घेतला होता तेव्हा उठली होती तीच. हिला कोण विचारतंय हवंय का नको ते? सगळ्या जगानं मला विचारलं. डॉक्टरांनी, वकिलांनी, नर्सनी, शाल्विननं. खुशीनं देताय ना, विचार केलात ना, कुणी भाग पाडलं नाही ना. आणि मागणारे फक्त हेच का? मला काही मागता येत नाही?

‘‘ऊठ,’’ मी म्हटलं. ‘‘आत बोलावलंय.’’

‘‘परत देणार ना?’’

‘‘तू ऊठ आधी.’’

आत गेल्यावर डॉक्टरांनी खुर्च्या दाखवल्या. उनाइसी बसली, तोमासी दाराशी उभा राहिला. मी बसले ती खाली, फरशीवर. फरशी गार होती आणि माझे दोन्ही गुडघे वाजले. ‘‘बाई, खुर्ची आहे,’’ डॉक्टर म्हणाले. मी पिशवीतून तबुआ काढला. एक चवळीची शेंग दोरीत अडकून बरोबर आली, ती सोडवली. कागद बाजूला केला. मग तो दोन्ही हातांत धरला, तोमासीनं धरला होता तसा, आणि मान खाली घातली.  त्या म्हाताऱ्याला किती येत होतं, आणि मला बाजारातलंच येतं.

‘‘उनाइसी,’’ मी तिच्या बोलीत म्हटलं, मोडकं तोडकं, ‘‘मी राजमती. माझा बाप रामधनी. रा भागातली. मी तुझ्याकडे हे घेऊन आले आहे. छोटंसं आहे.’’ छोटंसं म्हणायचं असतं, तेवढं आठवलं. ‘‘मी मागते आहे. माझी एक किडनी तू घे.’’

 उनाइसीच्या तोंडाचा आ झाला होता. ‘‘अगं ए,’’ ती कुजबुजली, ‘‘बायका नाही देत तबुआ.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘पुरुष देतात. भालदार असतो बोलायला.’’

‘‘माझ्याकडचे पुरुष ब्रिस्बेनला आहेत आणि रागावलेत. मी परत करत नाहीये, उनाइसी. तुमचा मी घेतला, तुमचं मागणं मान्य केलं, ते झालं. आता हा माझा आहे आणि मी तुझ्याकडे मागतेय. हात अवघडले माझे. घेतेस की नाही म्हणतेस? म्हण नाही. चारचौघांत म्हण.’’

‘‘तू अगदी नीच बाई आहेस,’’ उनाइसी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. खुर्चीचा दांडा धरून ती उठली, झगा सावरत हळूहळू खाली आली, मधे थांबून श्वास घेतला, पुन्हा खाली आली, आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. मग तिनं हात पुढे केले. दात माझ्या हातातून गेला तेव्हा गरम होता. तिनं तो नाकाजवळ नेला, कपाळाला लावला, आणि ती जुन्या जड बोलीत काहीतरी म्हणाली, बायकी, घोगऱ्या आवाजात. त्यातलं माझं नाव तेवढं मला कळलं.

आणि टाळी वाजली, तबुआ स्वीकारला की त्यांच्यात वाजवतात ती. एकच नाही, सावकाश, खोलगट तळव्यांची, गाभाऱ्यात वाजावी तशी. तोमासी दाराशी खाली बसला होता, पण ती त्याची नव्हती, तो अजून डोळे पुसत होता. अपोरोसा वकील खुर्ची सोडून उकिडवे बसले होते, काळा सुलू फरशीला टेकलेला, आणि टाळी वाजवत होते. बहुधा त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. तोमासीनं साथ धरली. डॉक्टर एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत राहिले.

‘‘पण मग आता,’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘आता दाब यांच्यावर आला ना? घेणाऱ्या बाईंवर. त्यांना नाही म्हणता येत नाही.’’

वकील उठले, सुलू झटकला, घड्याळ सरळ केलं, खुर्चीत बसले. चष्मा घातला तेव्हा ते पुन्हा अध्यक्ष झाले होते. ‘‘घेणाऱ्यावर दाब आणू नये असं कायद्यात कुठंही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘देणाऱ्या बाईंच्या हातात काही आहे का बघा.’’

मी दोन्ही तळवे वर करून दाखवले. तेल लागलं होतं, बाकी काही नव्हतं.

‘‘लिहा मग. मंजूर.’’

डॉक्टरांनी पेन उघडलं, फॉर्मवर लिहीत खाली आले आणि अडले. ‘‘नातं?’’ त्यांनी वकिलांना विचारलं. ‘‘इथं काहीतरी लिहावंच लागेल.’’

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मी उनाइसीच्या दंडाला धरून तिला उठवत होते. हाताखाली ती गुणगुण लागत होती.

‘‘शेजारीण,’’ मी म्हटलं. ‘‘आणि खाली रेघ ओढा.’’